मालक कुठं हायत?

आक्कांसमोर ‘मालक’ हा शब्द काढायची सोय नाही. दारावर कुणी माहिती भरून घ्यायला येतो, सवयीनं विचारतो, “मालक कुठं हायत?” आणि आक्का हातातलं पीठ तसंच घेऊन उंबऱ्यात उभ्या राहतात.

“मालक म्हशीला असतो. मी म्हैस दिसतीया व्हय रं तुला?”

तो बिचारा घरात पंखे किती एवढंच विचारायला आलेला असतो. पंखे न मोजताच पुढच्या घरी जातो.

मी वाईची. कवठे महांकाळजवळच्या या गावात शाळेवर बदली झाली आणि आक्कांच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहू लागले. आक्का एकट्या. नवरा फौजेत होता, लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच गाडीच्या अपघातात गेला. मूलबाळ नाही. पुढे त्यांनी जमिनीतला वाटा मागितला, तेव्हा दिरानं अंगणाच्या मधोमध भिंत घातली. त्यावर आक्कांचं म्हणणं एवढंच, “बरं झालं. शेणी थापायला जागा झाली.”

दहा बायकांच्या बचत गटाच्या त्या अध्यक्ष. माझं अक्षर बरं म्हणून बैठकीत काय ठरलं ते लिहायचं काम माझ्याकडे आलं. बैठकीला पुरुषांना मज्जाव. एकदा एकीचा नवरा दाराशी कान लावून उभा राहिला. आक्कांनी त्याच्या हातात खराटा दिला. “उभाच हायस तर आंगण तरी झाड.” त्यानं झाडलं.

बँकेनं एकदा महिला मेळावा घेतला. मोठा फलक, हार, माईक. पाहते तो काय, पुढच्या खुर्च्यांवर झाडून सगळे नवरे आणि मागे सतरंजीवर बायका! आक्का थेट माईकपाशी गेल्या. “सायेब, हप्ता कोण भरतंय? आमी. मग सतरंजीवर आमी का?” साहेब हसले. आक्का हसल्या नाहीत. खुर्च्या रिकाम्या होईपर्यंत त्या माईक धरून तशाच उभ्या राहिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आज वाटतं, लाज मला कशाची वाटत होती?

मग सुमनचं प्रकरण झालं.

सुमन गटातली सगळ्यांत मुखदुर्बळ बाई. दुसऱ्याच्या रानात रोजानं जायची. तिला मिरची कुटायचं यंत्र घ्यायचं होतं. इकडे त्याला डंक म्हणतात. चटणी कुटायला गावातल्या बायका तालुक्याला एसटीनं जातात, ती चटणी गावातच कुटून द्यायची, असा तिचा साधा विचार. आक्कांनी बँकेत सहा खेपा घातल्या. प्रत्येक खेपेला साहेब विचारायचे, “नवऱ्याची संमती आहे ना?” आणि प्रत्येक खेपेला आक्का विचारायच्या, “नवरा कर्ज काढताना तिची संमती इचारता का?”

अखेर कर्ज सुमनच्या खात्यात जमा झालं. चौथ्या दिवशी तिचा नवरा दिलीप नवी कोरी, हार घातलेली मोटारसायकल घेऊन एसटीच्या थांब्यावर हजर! सुमनला बँकेत नेऊन त्यानं पैसे काढायला लावले होते.

मी शाळेत निघाले होते. आक्का पायात चप्पल न घालताच आल्या, पदर खोचला आणि मोटारसायकलवर मागे बसल्या.

“चल.”

“कुठं आक्का?”

“जिथनं आणलीस तिथं.”

“आवं उतरा की, लोक बघत्यात.”

“बघावं म्हणूनच बसलीया.”

दिलीप चहाच्या टपरीवर जाऊन बसला. आक्का उन्हात गाडीवरच. भाकरीही त्यांनी तिथंच खाल्ली. शाळा सुटल्यावर मी आले तर गटातल्या बायका गाडीभोवती फतकल मारून बसलेल्या आणि सरपंच समजूत घालतायत, “वहिनी, तो त्यांच्या घरचा मामला हाय.”

“घरचा? मग दहा जणींच्या सह्या कशाला घेतल्या? तिनं फेडलं न्हाई तर आमी नऊ जणींनी फेडायचं, आन घरचा मामला?”

सरपंचांना एकदम कुठलं तरी काम आठवलं.

शेवटी दिलीपनं किक मारली. मागे आक्का, त्यांच्या मागून एसटीनं आम्ही. दुकानदार म्हणाला, विकलेली गाडी परत घेत नाही. आक्का त्याच्याच खुर्चीवर बसल्या आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगू लागल्या, “ही गाडी बायकूच्या पोटावर पाय दिऊन आणलीया. घेताय?” दिवेलागणीला दुकानदारानं हात जोडले. थोडी रक्कम कापून बाकीची परत दिली. कापलेल्या पैशांसाठी दिलीप दोन महिने द्राक्षांच्या कामाला तासगावला गेला. आक्कांनीच लावून दिला.

डंक आला. पहिल्या दिवशी अख्खी गल्ली शिंकत होती. सुमन चटणीनं लालभडक झालेल्या हातांनी हसत होती. तिला मोठ्यानं हसताना मी प्रथमच पाहिलं.

पुढच्या बैठकीत बायकांनी आक्कांना धरलं. “तुमी कवाच काय घेत न्हाई. दोन शेळ्या तरी घ्या.” आक्का पुष्कळ ओरडल्या, पण तयार झाल्या. बायका गेल्यावर आक्कांच्या स्वयंपाकघरात कर्जाचा अर्ज मी भरत होते. नाव, वय, पत्ता झाला. पुढचा रकाना वारसाचा. “वारस कोण लिहू?” मी विचारलं.

“ह्यो कुठला परश्न? मी शेळी घेतीया का मरायला निघालीया?” आक्का कडाडल्या. “दिराच्या पोराचं नाव लिवाल तर याद राखा!”

  भिंतीपलीकडे दिराच्या घरी कुणी तरी नातवंडाला घास भरवत होतं, ते त्या ऐकत बसल्या.

“बाई,” त्या म्हणाल्या, मी त्यांचा इतका खालचा आवाज कधी ऐकला नव्हता, “सुमनचं नाव चालंल का? ती माझी कोण न्हवं, पर...”

“चालेल की.”

“लिवा मग. आन नात्याच्या जागी...” त्यांनी माझ्याकडे न बघता पदरानं उगाच पाट पुसला. “लेक लिवा. तिला सांगू नगा. लगीच रडत यील, आन मला लय राग येतो त्याचा.”