सरळ केलेले सोळा पडदे

नुसती दांडी दाखवा, वाद्य कुठल्या मुलखाचं ते सांगते, असं सासूबाई दुकानात पाय टाकणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायच्या. आणि खरंच सांगायच्या! दांडी बारीक, भोपळा मुठीएवढा, तर डोंगराकडचं. दांडी कपडे वाळत घालायच्या काठीइतकी लांब, तर वाळवंटाकडचं. भोपळा जेवून उठलेल्या जावयासारखा, तर किनाऱ्याकडचं. शाळा दुसरीत सुटली होती, पण चाळीस वर्षं दुकानातल्या एकूण एक वाद्याला पॉलिश त्यांच्याच हातचं.

पडदे मात्र, म्हणजे स्वरांसाठी दांडीवर बांधतात ते दोऱ्याचे वेढे, त्यांचे यजमान बांधत. खिडकीजवळच्या मेजावर बसून. ते गेले आणि मेज रिकामं पडलं. सून त्यांच्याच हाताखाली शिकलेली. तिने मेज मागितलं. सासूबाई म्हणाल्या, आधी एक वाद्य एकटीने दुरुस्त कर, गिऱ्हाईक खूश होऊन गेलं की बस खुशाल.

ते वाद्य आलं डोंगराकडच्या एका मास्तरांचं. दोनच दिवसांनी संध्याकाळी शाळेत त्यांचा निरोप समारंभ, तिथे वाजवायचं होतं. त्या दिवशी सकाळी, पडदे बांधून झाल्यावर, सून जास्तीच्या तारा आणायला बाजारात गेली आणि सासूबाईंनी वाद्यावरचं फडकं सहज उचललं.

पडदे सोळा, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. दोन अगदी चिकटून, मग बोटभर मोकळी जागा, पुढे पुन्हा दोन चिकटलेले. पोरीने घाई केली, दुसरं काय! सासूबाईंच्या जिभेला हाड नव्हतं हे खरं, पण सुनेची फजिती परक्यासमोर व्हावी असं त्यांच्या मनात कधीच नव्हतं. चष्मा लावून त्या बसल्या. गाठी सोडल्या, पोलक्याला बटणं लावावीत तसे सारख्या अंतराने पडदे बांधले, आणि दांडीवर सुनेने पेन्सिलीने केलेल्या खुणा ओल्या फडक्याने स्वच्छ पुसून टाकल्या. वाद्य कसं वेणीफणी केल्यासारखं दिसायला लागलं.

सुनेच्या आधी मास्तरच आले. त्यांनी वाद्य मांडीवर घेतलं, वाजवलं, आणि प्रत्येक स्वर जिन्याची पायरी चुकलेल्या माणसासारखा धडपडला. सासूबाई म्हणाल्या, तारा नव्या आहेत. मास्तरांनी खुंट्या पिळल्या. सासूबाई म्हणाल्या, हवा दमट आहे. खिडक्या लावून झाल्या. मग खुर्ची बदलून झाली, मग पंखा बंद करून झाला. एक तार तुटली. मास्तर घामाघूम झाले आणि वाद्य खाली ठेवून स्वतःच्या बोटांकडे बघत बसले.

"छत्तीस वर्षं वाजवतोय. हात गेला वाटतं माझा," ते म्हणाले. "संध्याकाळी नाही वाजवत मी."

सासूबाईंनी तुटलेली तार उगाच गुंडाळायला घेतली.

तेवढ्यात सून आली. तिने वाद्याकडे पाहिलं, मग सासूकडे, आणि पिशवी खाली ठेवली.

"हात ठीक आहे तुमचा, मास्तर. पडदे माझे चुकलेत."

म्हणजे तिचं मेज गेलंच. सासूबाईंनी फक्त गप्प बसायचं होतं. पण गप्प बसणं त्यांना जन्मात जमलेलं नव्हतं.

"तिचे नव्हे," त्या म्हणाल्या. "मी सरळ केले. वाकडेतिकडे दिसत होते."

मास्तरांनी आधी सुटकेचा श्वास सोडला, मग हसायला लागले. "बाई, आमच्या डोंगरातली गाणी दोन स्वरांच्या मधल्या फटीत राहतात. ते चिकटलेले पडदे त्यासाठीच."

चाळीस वर्षं पॉलिश करून ही गोष्ट सासूबाईंच्या कानावर आली नव्हती. की आली होती आणि त्यांनी बोलता बोलता ऐकली नव्हती, देव जाणे. "मेजावर घे ते," त्या सुनेला म्हणाल्या. "तिथे उजेड बरा आहे."

खुणा तर पुसलेल्या. मग मास्तर एकेक स्वर गाऊन दाखवत होते, सून पडदा तसूतसूने सरकवत होती आणि सासूबाई निमूटपणे दांडी धरून उभ्या होत्या. दोन तास!

तेरावा पडदा मात्र हलवावाच लागला नाही. मास्तरांनी तो तीनदा वाजवून पाहिला. म्हणाले, हा अगदी जिथल्या तिथे आहे.

सासूबाईंनी पदर सावरला. शेवटी नजर आहे चाळीस वर्षांची, असं त्या म्हणाल्यासुद्धा.

सून खाली वाकून हळूच म्हणाली, "आई, ती गाठ माझी आहे. तुम्हाला सुटली नसेल."

सासूबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं.

"घट्ट बांधतेस हो," त्या म्हणाल्या.