नानांच्या पिकअपचा टॉर्क कन्व्हर्टर

आमचे शेजारी रंगनाथ नाना कुणाच्याही घरी चहा पितात, कप खाली ठेवतात आणि यजमानाच्या तोंडावर निकाल देतात, "लोकल." ज्या चहाला ते काहीच बोलत नाहीत, तो एक्स्पोर्टचा समजायचा. आमच्या घरी तसा चहा अजून झालेला नाही.

माणसाचा उभा जन्म द्राक्षात गेला. परदेशी जाणाऱ्या मालाचा मणी रिंगमधून घालून बघायचा, आरपार पडला की घड बाजूला, लोकल बाजाराला. हे इतकी वर्षं केल्यावर दुसरं काय होणार? आता बाग पुतण्याकडे आहे आणि नाना नाशकात आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. पण डॉक्टर, कीर्तनकार, चपला, सगळं अजून त्या रिंगमधूनच जातं.

त्यांची एक जुनी पिकअप आहे, बिनक्लचची. बागेत पडून डावा गुडघा कामातून गेला, तेव्हा मुद्दाम ऑटोमॅटिक शोधून घेतलेली. अशा गाड्यांत क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर नावाचा तेलानं भरलेला डबा असतो, तो इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला पोचवतो. यंदा तो डबा गेला आणि गाडी हीव भरल्यासारखी थरथरायला लागली. नवा डबा शोधायचा तर सोबत कोणीतरी हवं, आणि सुट्टीच्या दिवशी घरी सापडणारा माणूस गल्लीत मी एकटाच. म्हणजे माझ्या रविवारांचा निकाल लागला.

सिन्नरचा गॅरेजवाला म्हणाला, "नाना, कशाला नादी लागता? साधा गिअरबॉक्स बसवून देतो."

"आन् क्लच काय तुझा बाप दाबील?"

मालेगावच्या भंगारात एक डबा मिळाला. नानांनी तो मांडीवर घेऊन फिरवला, डब्याच्या तोंडात बोट घालून तेल हुंगलं. "जळका वास मारतोय. लोकल." नाशकातल्या द्वारका चौकातल्या दुकानदारानं बिचाऱ्यानं दिल्लीहून कोरा मागवला. नानांनी तो उघडलासुद्धा नाही. "खोक्यावरची छपाई बघ. खोकंच लोकल, आत काय डोंबल असणार?" मी दुकानदाराची माफी मागितली. ते काम माझ्याकडेच असतं.

आणि प्रत्येक जण शेवटी तेच सांगायचा, "तुम्ही चांदवडला जा. ऑटोमॅटिकचं काम इकडे तोच एक करतो." हे वाक्य आलं की नाना बहिरे व्हायचे.

कारण चांदवडचा तो माणूस म्हणजे संदीप. नानांचा जावई.

वैशालीसाठी, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीसाठी नानांनी स्थळं पाहिली तीही प्रतवारी करूनच. एक इंजिनीअर जेवताना फार बोलला. एकाची बाग झकास होती, पण बापाचा आवाज मोठा. पोरगी पोहे करून करून थकली. शेवटी याच पिकअपच्या कामाला घरी येणाऱ्या संदीपशी तिनं परस्पर लग्न केलं. नाना लग्नाला गेले नाहीत. नातू शाळेत जायला लागला तरी बोलले नाहीत. नानी वणीला देवीला म्हणून निघतात आणि चांदवडला उतरतात, हे नाना सोडून सगळ्या गल्लीला माहीत होतं. निदान आमचा तसा समज होता.

परवाच्या रविवारी मी स्टेअरिंगवर बसलो आणि न विचारता आग्रा रोड धरला. ओझर गेलं, पिंपळगाव गेलं, गाडी कण्हत होती आणि नाना डावा गुडघा चोळत होते.

"रागावलात का, नाना?"

"नानी वणीला जाती, तवा ओट्यावर द्राक्षाची पेटी कोण ठेवतं? मीच ना? देवीला काय पेटी लागती का?" मग बाहेर बघत म्हणाले, "लय चुकलं माझं. पण म्हणायचं कोणत्या तोंडानं?"

चांदवडला मी गाडी थेट संदीपच्या गॅरेजसमोर लावली.

संदीप हात पुसत बाहेर आला. "या, काका," म्हणाला. आमच्याकडे जावई सासऱ्याला मामा म्हणतो, हा गिऱ्हाइकाला म्हणतात तसं काका म्हणाला. नानांनी मान खाली घातली. गॅरेजमागच्या घराच्या दारात वैशाली येऊन उभी राहिली. ती पुढेही येईना आणि आतही जाईना.

संदीपनं गाडी तपासली आणि दोन डबे समोर ठेवले. "हा कोरा, कंपनीचा. एकदा बसवला की गॅरेजचं तोंड बघायला नको. आणि हा जुना, उघडून दुरुस्त केलेला. खोटं बोलणार नाही, फार टिकणार नाही. तुम्ही कोराच घ्या."

नानांनी कोरा डबा सगळीकडून पाहिला. नाव ठेवायला जागाच नव्हती. सुटलो एकदाचा, असं मला वाटलं. तेवढ्यात त्यांनी दुसऱ्या डब्यावर हात ठेवला.

"हा बसव."

"काका, हा परत त्रास देईल. दर दोन महिन्यांनी गाडी आणून दाखवावी लागेल."

"आणीन की," नाना म्हणाले, संदीपला नाही, दाराकडे बघून. "मला दुसरं काय काम हाय?"