आगाशेकाकांचं स्टोनहेंज

पुण्यात पाटी म्हटली की कसली तरी मनाई असते. आमच्या आगाशेकाकांनी मात्र वाघोलीच्या पुढे, नगर रस्त्यालगतच्या आपल्या प्लॉटवर पाटी लावली आहे : 'दगडांना हात लावल्याशिवाय जाऊ नये.'

हे दगड म्हणजे इंग्लंडातल्या प्राचीन स्टोनहेंजची नक्कल. दोन पुरुष उंचीच्या काळ्या शिळा गोलाकार उभ्या, त्यांच्या डोक्यावर आडव्या शिळा. काका विश्रांतवाडीत आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. निवृत्त झाल्यावर ते खाणीवर जाऊन दगड निवडू लागले. क्रेनवाल्यालाही "अहो, आपण जरा डावीकडे घेता का?" असं म्हणत त्यांनी ते रिंगण उभं केलं.

रस्त्यावरून जाणारे आता थांबतात. एकदा एक ट्रकवाला नारळ घेऊनच उतरला.

"देव कुठला हाय?"

"देव नाही, दगड आहे. हात लावा आणि निघा."

लग्नाआधीचे फोटो काढायला एक जोडपं आलं. काका म्हणाले, "फोटो नंतर. आधी हात. डोळे मिटून."

"अंकल, काही व्हाइब्स येतात का?" मुलीनं विचारलं.

"नाही. खडबडीत लागतं."

मी हा सगळा विक्षिप्तपणाच समजत होतो. एका रविवारी काकांची गाडी बंद पडली, म्हणून त्यांना आणि काकूंना मी वाघोलीला घेऊन गेलो. काचबिंदूनं काकूंची दृष्टी गेली, त्याला बरीच वर्षं झाली. गाडीत त्या म्हणाल्या, "मुलाकडे इंग्लंडला गेलो होतो ना, तेव्हा खरं स्टोनहेंज बघायला गेलो. तिथे दोरी बांधलेली. लांबूनच बघायचं, हात लावायचा नाही. सगळे बघत होते, मी आपली वारा खात उभी. परतताना हे अवाक्षर बोलले नाहीत."

काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पुढे सिग्नल आहे. हळू घ्या."

प्लॉटवर पोचताच काकूंनी काठी काकांच्या हातात दिली आणि त्या एकेक शिळा चाचपत निघाल्या. एकीला तर त्यांनी गालच टेकवला.

"ती कलती आहे," काका म्हणाले. "मुद्दाम. तिथेही तशीच आहे."

"कळलं हो, दर रविवारी सांगता."

फेरी पुरी करून काकू माझ्याजवळ आल्या. चेहरा उन्हानं आणि आनंदानं लाल झाला होता. हळूच म्हणाल्या, "यांना सांगू नका हं, पण पिरॅमिडही बघायचं राहिलंय."

काकांनी ते ऐकलं होतं. ते काठी बगलेत धरून प्लॉटच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहिले.