पहिल्या नंबरचा मारधाडपट

मुनेशने आपल्या सिनेमाच्या हॉलमध्ये इपरामाला खास खुर्ची दिली आणि तिथूनच सगळं बिघडलं.

त्याआधीची नऊ वर्षं इपरामाने लाकडी बाकावर बसून सिनेमे पाहिले होते. सावुसावूच्या पोस्टात एकतीस वर्षं पत्रांवर शिक्के मारून निवृत्त झालेला हा माणूस दर शनिवारी दुपारी दोन वाजता लुंगीसारखा इस्त्रीचा सुलू कमरेला गुंडाळून हॉलवर हजर व्हायचा. मुनेश व्हिडिओवर जो मारधाडपट लावेल तो वहीत टिपून घ्यायचा. किती मोटारी पेटल्या, किती काचा फुटल्या, मार खाताना हिरोने तोंड वाकडं केलं की नाही, सगळं. वर्षअखेरीला त्यातले दहा निवडून तो 'यंदाचे सर्वोत्तम मारधाडपट' अशी यादी करायचा आणि रेडिओवरची लोसेना ती त्याच्याच तोंडून बेटाला ऐकवायची. गुंगी आणणारा कावा प्यायला बसलेल्या माणसांत वाद पेटला, की कोणीतरी म्हणायचंच, "इपरामाच्या यादीत कितवा आहे ते सांग, मग बोल."

अशा माणसाला बाकावर बसवणं मुनेशला बरं दिसेना. त्याने वेताची आरामखुर्ची आणली, तिच्यावर मऊ उशी टाकली आणि ती बरोबर पंख्याखाली मांडली.

"मामा, ही तुमची. दुसरं कोणी बसलं तर मी उठवीन."

"दुसऱ्याला उठवशील रे," इपरामाची बायको उनाइसी म्हणाली, "ह्याला कोण उठवणार?"

उनाइसीला मारधाडीची आवड नव्हती. पण थोरली बहीण विलोमेना त्यांच्याच घरी राहायची. मोतीबिंदूने तिच्या डोळ्यांपुढे सगळं दुधाळ झालं होतं आणि घरात बसून तिचा जीव कंटाळायचा. म्हणून दोघी बहिणी इपरामाच्या खुर्चीमागच्या बाकावर येऊन बसायच्या.

नावं पडद्यावर येईपर्यंत इपरामा ताठ असायचा. पहिली गोळी सुटली, की पापण्या जड व्हायच्या. डोक्यावर पंखा, पोटात नारळाच्या दुधातला मासा, खिडकीतून खाडीचा खारट वारा. मधला सगळा सिनेमा त्याला पाण्याखाली डोळे उघडून पाहिल्यासारखा दिसायचा. शेवटच्या स्फोटाला जाग यायची. आपण सिनेमा पाहिला याबद्दल त्याला तिळमात्र शंका नसायची, कारण त्याने पुष्कळ काही पाहिलेलं असायचं.

डिसेंबरात यादी झाली. दहापासून दोनपर्यंतचे नंबर वाचून झाल्यावर लोसेनाने विचारलं, "आणि पहिला?"

"दीपगृहावरून उडी," इपरामा म्हणाला. वहीत नाव सापडलं नव्हतं, म्हणून ते त्यानेच ठेवलं होतं. "दरोडेखोर हिरोला दीपगृहाच्या टोकापर्यंत रेटत नेतात. खाली समुद्र. तो उडी मारतो. आणि मग, लोसेना, तो पडतच राहतो. घाई नाही. वाटेत दोन ढग लागतात, त्यातून जातो. एक पक्षी त्याच्या खांद्यावर टेकून दम खातो. पडता पडता तो खिशातून संत्रं काढतो, सोलतो, एकेक फोड खातो. सालं खाली टाकत नाही, खिशात ठेवतो. वरून दरोडेखोर गोळ्या झाडतात, पण त्या गोळ्यांनाही त्याला गाठायची घाई नसते."

लोसेना माइकजवळ सरकली. "मग?" तिने विचारलं.

"मग काय? सगळं मीच सांगितलं तर लोकांनी बघायचं काय?"

पुढचं त्याला आठवत नव्हतं, एवढंच.

सोमवारी सकाळी तो सिनेमा मागायला मुनेशच्या दारात रांग लागली. मुनेशने वर्षभराची वही तीनदा चाळली. दीपगृहाचा सिनेमा त्यात नव्हता. तसं सांगावं तर मामांची अब्रू जाते आणि कॅसेट हरवली म्हणावं तर आपली.

"बाहेर गेलीय," तो म्हणाला. "तावेउनीला."

"मग आमचं नाव लिहून ठेव."

आठवडाभरात यादीत एकशे चार नावं झाली. थांबून थांबून लोक कंटाळले आणि मग हळूहळू सिनेमा पाहिलेली माणसं निघायला लागली. आधी सार्जंट नेमानीने कावाच्या बैठकीत जाहीर केलं, की त्याने तो सुव्याला मेहुण्याकडे पाहिलाय.

"शेवटी मरतो तो."

"कोण म्हणतं?" खोबऱ्याच्या गिरणीतला वजनदार उसाया उसळून म्हणाला. त्यानेही पाहिला होता म्हणे, एका जहाजावर. "चांगला पोहत बाहेर येतो."

"अरे, एवढ्या उंचावरून पडलेला माणूस पोहेल?"

"संत्रं खाऊ शकतो, तर पोहायला काय झालं?"

सार्जंटने नुसता आवाज वाढवला. रविवारी पाद्रीबाबांनी प्रवचनात संकटात संत्रं सोलणाऱ्या माणसाचा दाखला दिला, पण तो मेला की जगला यावर मौन पाळलं. त्यामुळे भांडण आणखीच चिघळलं. गावाच्या रग्बी संघात मरणारे आणि जगणारे असे दोन तट पडले आणि ते एकमेकांना चेंडू देईनात. शेजारच्या गावाने त्यांना धुऊन काढलं.

तेवढ्यात बातमी आली, की नव्या धक्क्याच्या उद्घाटनाला शनिवारी विभागाचे कमिशनर येताहेत आणि दुपारी त्यांना तो सिनेमा बघायचाय. सार्जंट नेमानीने परस्पर होकार कळवून टाकला होता.

मुनेश धापा टाकत इपरामाच्या ओसरीवर आला. उनाइसी कसावाचे कंद सोलत होती. विलोमेना चटई विणत होती. तिच्या बोटांना डोळ्यांची गरज नव्हती.

"मामा, देवाशपथ खरं सांगा. हा सिनेमा पाहिलात कुठे?"

"तुझ्याच हॉलमध्ये. जूनमध्ये."

"जूनमध्ये मी जो लावला त्यात दोन माणसं ऑफिसात बसून दीड तास बोलतात हो! शेवटी एक मोटार उलटते. लोक माझ्या अंगावर धावून आले होते."

इपरामाने वही आणली. जूनच्या त्या शनिवारी 'दोन इसम टेबलाशी बसले' एवढं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. पुढे पेन घसरत घसरत पानाच्या कडेपर्यंत गेलं होतं आणि कडेवरून खाली पडलं असावं. त्याने मागची पानं उलटली. जवळजवळ प्रत्येक पानावर तशीच एक रेघ उतरत होती.

तो खाली बसला. एकतीस वर्षांत त्याने एकही पत्र चुकीच्या दारात पडू दिलं नव्हतं. आणि आता जे पत्र कोणी लिहिलंच नव्हतं ते त्याने बेटभर वाटलं होतं.

"मी झोपलो होतो," तो म्हणाला. "शनिवारी सगळ्यांसमोर उभा राहतो आणि सांगून टाकतो. मला स्वप्न पडलं होतं म्हणून."

"स्वप्न कसलं?" विणता विणता विलोमेना म्हणाली. "मी पाहिलाय की तो सिनेमा."

मुनेशने डोकं धरलं. "मावशी, आता तुम्ही पण सुरू करू नका. तुम्हाला पडदासुद्धा दिसत नाही."

"मला नाही दिसत. उनीला दिसतं ना? ती कानात सांगते."

सगळ्यांनी उनाइसीकडे पाहिलं. ती एकाएकी फार मन लावून कसावा सोलायला लागली.

"उनी?" इपरामा म्हणाला.

"आता काय सांगू," उनाइसी म्हणाली. "दोन माणसं टेबलाशी बसलीत, दोन माणसं टेबलाशी बसलीत, असं तिला किती वेळ सांगायचं? बिचारी चालत चालत एवढ्या लांब येते. मग मी त्यातल्या एकाला दीपगृहावर चढवला."

"आणि मी तुमच्या पुढेच..."

"तू घोरत होतास."

इपरामाने वही पुढे ओढली. "चौथ्या नंबरचा? ज्यात बकरी पूल अडवून बसते?"

"बकरी माझी."

"नववा? ज्यात चोर चोरलेला माल परत ठेवायला जातो आणि नेमका तेव्हा पकडला जातो?"

"विलोला त्या दिवशी ताप होता. म्हटलं, जरा हसेल."

"सहावा?"

"तो खरा होता."

"बघ!" इपरामा ताठ झाला.

"म्हणून तर तो सहावा आला," उनाइसी म्हणाली.

मग मुनेशच्या मनात काहीतरी चमकलं. "मामी, शनिवारी तुम्हीच सांगाल का? मी तीच कॅसेट लावतो. आवाज बंद करतो."

"एवढ्या लोकांत? मला नाही बाई जमायचं. मी फक्त विलोच्या कानात सांगते."

"मग विलोमावशीचा कान घेऊन या. दोघींच्या मधे मी माइक ठेवतो."

"पण तो शेवटी मरतो की जगतो?" इपरामाने विचारलं. एवढ्या अडचणीतही त्याला राहवलं नाही.

"मला काय माहीत? तिथेच तू असा काही घोरायला लागलास, की मला सिनेमा आवरता घ्यावा लागला."

शनिवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. आरामखुर्ची कमिशनरसाहेबांना द्यावी लागली, त्यामुळे इपरामा दहा महिन्यांनी बाकावर बसला आणि म्हणून जागा राहिला. पडद्यावर दोन माणसं टेबलाशी बसली. त्यांचे ओठ हलले. आणि कर्ण्यातून उनाइसीचा आवाज आला, अगदी हळू, बहिणीच्या कानाशी असावा तसा.

"विलो, आता वारा पडलाय. समुद्र असा झालाय बघ, जशी तू लहानपणी चटई झटकून अंथरायचीस..."

इपरामाने या बाईबरोबर चाळीस वर्षं संसार केला होता. मीठ कमी आहे, सुलू वाळत घाल, एवढंच बोलणारा हा आवाज. तो असाही बोलतो हे त्याला जागेपणी प्रथमच कळत होतं. पडद्यावर एकाने फाइल उघडली आणि हॉलमधल्या तीनशे माणसांनी त्याला ढगातून जाताना पाहिलं. दुसऱ्याने चष्मा पुसला आणि पक्षी खांद्यावर टेकला. कोणी खोकलं नाही. दुपारचं ऊन खिडक्यांतून आत येऊन जमिनीवर स्वस्थ पडलं होतं.

हिरो पाण्यावर टेकला तेव्हा आवाज झाला नाही, उनाइसीने सांगितलं. नुसती वर्तुळं उठली. ती पसरत पसरत किनाऱ्याला गेली. तिथे त्याची बायको पाय धूत उभी होती. तिच्या घोट्याला पहिलं वर्तुळ लागलं आणि वर न बघताच ती म्हणाली, "आलास? जेवायला चल."

पडद्यावर मोटार उलटली आणि दिवे लागले.

"बघा!" सार्जंट नेमानी डोळे पुसत म्हणाला. "मेलाच शेवटी. जेवायला चल म्हणते ती स्वर्गातच."

"जगला म्हणून तर जेवायला बोलावते!" उसाया ओरडला आणि त्यानेही डोळे पुसले. दोघांनाही आपलंच खरं झाल्यासारखं वाटलं, त्यामुळे रग्बीवाले एकमेकांच्या गळ्यात हात टाकून बाहेर पडले. पंख्याखाली कमिशनरसाहेब दचकून उठले, इपरामाचा हात हातात घेऊन म्हणाले, "उत्तम निवड! विशेषतः ती मोटार," आणि धक्क्याकडे निघून गेले.

घरी जाताना तिघं खाडीच्या कडेने चालली होती. विलोमेनाने दोघांचे हात धरले होते आणि ती जरा नाराज दिसत होती.

"काय झालं गं?" उनाइसीने विचारलं.

"सिनेमा चांगलाच आहे. पण कापलाय. जूनमध्ये दीपगृहाच्या दारात कुत्रा होता."

"होता," इपरामा लगेच म्हणाला. "तपकिरी."

उनाइसी थबकली. "कुत्रा मी म्हटलं असेन. आज विसरले. पण रंग मी कधीच सांगितला नव्हता."

इपरामा विचारात पडला.

"तपकिरीच होता," विलोमेना म्हणाली. "मी नीट पाहिला."