आवडाबाईच्या फऱ्याची आणि निंबाजीच्या जिभेची हकिकत

श्री. ज्या अग्नीने अन्न शिजते आणि ज्या जिभेने ते कळते, त्या दोघांस दंडवत घालून, आणि खोटे लिहिल्यास लेखणी मोडो ऐसे म्हणून, ही हकिकत लिहावयास घेतली. गोष्ट शके सत्राशे सहा, क्रोधी नाम संवत्सर, माघ शुद्ध पक्षातली. संवत्सराचे नाव त्या साली जसे खरे ठरले तसे कोणत्याही साली ठरले नाही. लिहिणार दरबारचा एक कारकून, नावाचे प्रयोजन नाही. जे डोळ्यांदेखत जाहले तेच लिहितो, आणि लिहिताना अद्याप कानशिले तापतात.

राजधानीत मांसाहारासाठी दोन घरे नामांकित होती, आणि दोहोंचा लौकिक एकाच पदार्थावर, तो म्हणजे फरा. बोकडाचा मागला पाय मांडीसकट अखंड घ्यावा आणि खैराच्या निखाऱ्यावर भाजावा, त्यास फरा म्हणतात. पहिले घर पूर्व वेशीपाशी आवडाबाई जगदाळे हिचे. बाई विधवा, वय पन्नाशीचे, अंगाने किरकोळ, आणि तोंडाने ऐशी की हत्तीनेही वाट सोडावी. घरात धूर, बसावयास घोंगडी, भिंती काजळीने काळ्या. आत येणाऱ्याने तलवार बाहेर ठेवावी, हात कोपरापर्यंत धुवावे, आणि जी जागा रिकामी असेल तेथे बसावे, मग तो सरदार असो की गवतवाला. फऱ्यास ती मीठ, लसूण आणि थोडी मिरी एवढेच लावी आणि दोन प्रहर निखाऱ्यापाशी बसून स्वतः फिरवी, आणि चरबी विस्तवावर पडून चर्र वाजे तेव्हा वेशीबाहेरचे वाटसरू थांबत. वरून कुरकुरीत, आत रसाळ, सोबत ज्वारीची भाकर आणि फोडलेला कांदा. पंगतीत कोणी बोलत नसे. बोलावयास तोंड मोकळे कोणाचे होते?

दुसरे घर पश्चिम पेठेत हैबतराव काकडे याचे, उघडून तीन वर्षे जाहली होती. तेथे गालिचे, लोड, झुंबरे, चांदीची ताटे, दारात अत्तर लावावयास माणूस, कोपऱ्यात सारंगी. हैबतराव स्वतः दारी येऊन मुजरा करी आणि आल्यागेल्याची सात पिढ्यांची नावे घेई, त्यामुळे जेवण्यापूर्वीच माणसाचे पोट भरे. फरा मात्र म्हाताऱ्या बोकडाचा, कच्च्या पपईत रात्रभर बुडवून मऊ केलेला, वर वेलदोडे, केशर, गुलाबपाणी. चावावे लागत नसे हे खरे, पण काय खाल्ले हेही कळत नसे. आम्ही दोन्हीकडे जेविलो आहो. हैबतरावाकडे चार वेळ गेलो ते चौघांत दिसावे म्हणून, आणि आवडाबाईकडे चाळीस वेळ गेलो ते भूक लागली म्हणून. हे आज लिहितो. तेव्हा बोललो नाही.

मग बुधवारच्या बाजारात एका चांगल्या बोकडावरून दोन्ही घरच्या माणसांचे भांडण जाहले, आणि भांडणाची मारामारी जाहली, आणि सात जणांची डोकी फुटली, आणि सरदारांतही दोन तट पडोन दरबारात फऱ्यावरून शिवीगाळ होऊ लागली. महाराज संतापले आणि हुकूम फर्माविला की, "राजधानीत फरा एकाच घरी भाजला जाईल. दुसऱ्या घराची चूल विझवा. कोणाची विझवावी ते निंबाजी चाखून सांगेल."

निंबाजी शेडगे म्हणजे मुदपाकखान्यातील चाखणार. महाराजांच्या ताटातील पहिला घास चाळीस वर्षे त्याच्या तोंडी. दोन वेळा त्याने विष ओळखून महाराजांचा प्राण राखिला होता, त्यामुळे त्याच्या शब्दास दरबारात तोड नव्हती. तो नवमीस आवडाबाईकडे जेविला, दशमीस हैबतरावाकडे जेविला, आणि त्रयोदशीस भर दरबारात उभा राहोन म्हणाला, "हैबतरावाचा फरा सरस. आवडाबाईचा उणा."

सरदार खेलोजी डुबल हैबतरावाच्या तटाचे. ते लगेच "वाहवा" बोलिले, मग त्यांच्या शेजारचे बोलिले, मग सर्वांनी माना डोलाविल्या, आणि ज्यांनी आदल्याच आठवड्यात आवडाबाईच्या घोंगडीवर बसून बोटे चाटली होती त्यांनीही डोलाविल्या. आम्हीही डोलाविली. हैबतराव मुजरा करावयास पुढे सरला, इतक्यात निकाल ऐकावयास बोलाविलेली आवडाबाई उठली.

"निंबाजीदादा, उणा म्हणजे काय उणा? नाव घेऊन सांगा."

निंबाजी खाली पाहून म्हणाला, "मीठ, बाई. मीठ कमी पडलं."

बाईचा चेहरा आधी पांढरा जाहला, मग लाल जाहला, आणि तिने पदर कमरेस खोचला. महाराजांकडे वळोन म्हणाली, "सरकार, तिसऱ्या प्रहरापर्यंत वेळ द्या. मी पुन्हा फरा आणते, दादांनी पुन्हा चाखावा. मग चूल मी माझ्या हातानं विझवीन."

खेलोजी म्हणाले, "निकाल झाला. आता कसला फरा?" परंतु महाराजांस तिच्या आवाजात काही वेगळे ऐकू आले असावे. त्यांनी हात वर केला आणि परवानगी दिली.

तिसऱ्या प्रहरी बाई डोक्यावर परात घेऊन आली, वर केळीचे पान झाकलेले. पान काढिले तो फरा ऐसा तांबूस भाजलेला की दरबारात घोट गिळल्याचे आवाज जाहले. निंबाजीने रिवाजाप्रमाणे एक लचका तोडून तोंडात घातला, सावकाश चावला, डोळे मिटिले, गिळिला. मग म्हणाला, "आता बरोबर. मीठ नेमकं आहे. गोड लागतोय." महाराज प्रसन्न होऊन हात पुढे करणार, तोच बाई ओरडली, "सरकार, शिवू नका!" आणि परात उचलून तिने थेट खेलोजींच्या पुढ्यात आदळली. "तुम्ही खा. सकाळी वाहवा तुमचीच पहिली होती ना? खा!"

सर्वांच्या नजरा लागल्या, नाही म्हणता येईना. खेलोजींनी घास घेतला आणि दुसऱ्या क्षणी तो गालिच्यावर थुंकिला. डोळ्यांस पाणी आले, तोंड कडूजहर जाहले, आणि ते खोकत ओरडले, "विष! विष घातलंय!"

"विष नाही," बाई म्हणाली. "बोकडाच्या पित्ताची पिशवी फोडून चोळलीय. माणूस मरत नाही त्यानं. पण जिभेवर ठेववत नाही. आणि मीठ कणभर घातलेलं नाही." मग निंबाजीपुढे जाऊन उभी राहिली. "नवमीला माझ्या घरी मीठ दोनदा पडलं. एकदा मी घातलं, एकदा जावेनं. तुम्ही गेल्यावर मी जेवायला बसले तेव्हा कळलं. खारट ढोण झाला होता. चार दिवस जीव टांगणीला होता माझा, की दादा भर दरबारात खारट म्हणणार. म्हणाला असतात तर मी मान खाली घालून गेले असते, चूल विझवली असती. तुम्ही म्हणालात कमी! दादा, कधीपासून कळत नाही तुम्हाला?"

निंबाजी खाली बसला आणि म्हणाला, "श्रावणातल्या तापापासून. वास गेला, चव गेली. माती आणि भात सारखाच."

"मग हैबतरावाचा सरस कसा म्हणालात?"

"तिथं सगळे वाहवा करत होते, बाई. मला जिभेनं कळत नाही, मी कानानं चाखतो. तुझ्या पंगतीत कोणी बोलतच नाही. मला ऐकू काय येणार?"

हे ऐकोन महाराज मसनदीवरून उभे राहिले. ऐसा राग आम्ही त्यांस आलेला पूर्वी पाहिला नव्हता. म्हणाले, "सहा महिने! सहा महिने आमचा प्राण तुझ्या कानावर टांगला होता? आणि तू एक शब्द बोलला नाहीस?" निंबाजी म्हणाला, "चाळीस वर्षं हेच काम केलं, सरकार. हे गेलं की मी कोण, ते मला सुचेना." मग दरबारात एकच गिल्ला जाहला. कोणी म्हणे जीभ छाटा, कोणी म्हणे हत्तीच्या पायी द्या, आणि सर्वांत मोठ्याने खेलोजी ओरडत होते, तोंडातले पित्त पुसत पुसत.

तेव्हा आवडाबाई दरबाराकडे फिरली. तिचे ते बोलणे येथे आहे तसे लिहितो, कारण ते आम्हांसही लागले. "गप्प बसा! याची जीभ तापानं गेली. तुमच्या कशानं गेल्या? तुम्ही खेलोजीराव, अष्टमीला माझ्याकडे तिसऱ्यांदा वाढून मागितलंत. ते कोपऱ्यातले दोघे, माझ्या दारात ऊन खात ताटकळत बसतात. तो लिहिणारा कारकून, दर आठवड्याला येतो आणि हाड फोडून आतला मगजसुद्धा सोडत नाही. तुम्हाला सगळ्यांना चव कळते. सकाळी माझी चूल विझत होती तेव्हा एकानं तरी तोंड उघडलं? गालिचा बघून माना डोलावल्या! दादा खोटं बोलले, तो त्यांचा गुन्हा, मी त्यांना सोडणार नाही. पण छाटायच्याच असतील जिभा तर इथून त्या टोकापर्यंत छाटा, सरकार. एकट्याची कशाला?"

हैबतराव हळूच मागे सरकत खांबाआड गेला. आम्ही कागदाकडे पाहत राहिलो आणि शाई वाळून गेली.

महाराज पुन्हा मसनदीवर बसले. निंबाजीस कामावरून दूर केले, शिक्षा दिली नाही. एकच घर राखण्याचा हुकूम मागे घेतला. आणि बाईस म्हणाले, "बाई, किल्ल्याच्या नव्या दरवाजाची मेजवानी पौर्णिमेस आहे. ती तुमच्या हातची व्हावी."

बाई म्हणाली, "नको, सरकार. ज्यांना जेवायचं त्यांनी वेशीपाशी यावं, हात धुवावे, जागा मिळेल तिथं बसावं. या लोकांना इथं आणून वाढायला माझा हात धजत नाही." ऐसे बोलून परात उचलली आणि मुजरा न करता गेली. तिला कोणी अडविले नाही.

निंबाजी दोन महिने घराबाहेर पडला नाही. मग चैत्रात एके दिवशी दोन प्रहरी तो वेशीपाशी आला, हात धुतले, आणि पंगतीच्या शेवटास भिंतीकडे तोंड करून बसला. बाईने पाहिले. तिच्या कपाळावर आठी चढली आणि आम्हांस वाटले की आता परात डोक्यात घालते. ती पान घेऊन आली, वाढिले, आणि उभी राहोन दरडावून विचारिले, "कसा झालाय?"

निंबाजीने घास चावला. साऱ्या पंगतीने हात थांबविले. तो म्हणाला, "ठाऊक नाही, बाई."

बाईने वाकून त्याच्या पानात आणखी एक तुकडा टाकला आणि आत निघोन गेली.

येणेप्रमाणे क्रोधी संवत्सरी फऱ्याचा कलह जाहला. सात डोकी फुटली, एक नोकरी गेली, चूल एकही विझली नाही. हैबतरावाच्या घरी झुंबरे वाढली आणि वाहवाही वाढली. आवडाबाईचा राग पुढे अकरा वर्षे, ती होती तोवर, उतरला नाही, आणि आमच्या मते उतरू नये ऐसाच होता. आम्ही त्या त्रयोदशीस बोललो नाही, ते आज लिहिले. उशीर फार जाहला, हे जाणतो. लेखनसीमा.