रोटीच्या पोटातली बदाम राणी

एर्गाश पत्त्यांची जादू शिकत होता ती एकाच माणसाला दाखवण्यासाठी, आणि ते माणूस भिंतीपलीकडे राहत होतं. झुमरादने कॅटातून एक पान ओढायचं, बघायचं, परत ठेवायचं. एर्गाशने फुंकर मारायची आणि तेच पान तंदूरच्या रोटीच्या पोटातून काढून द्यायचं. मग ती हसेल. हसल्यावर पुढे काय, इथवर त्याचं स्वप्न कधी पोचलंच नव्हतं, कारण ती हसली की तो तिथेच रेंगाळायचा. मागावर बसला की रेशमाचे धागे उन्हात हलत, त्यांत त्याला तिची ओढणी दिसे आणि धोटा हातातच राही.

युक्ती सोपी होती. बदाम राण्या दोन. एक कॅटातली, ती झुमरादच्या बोटांत अलगद सरकवायची. दुसरी आधीच रोटीला खालून चीर देऊन आत दडवलेली. आईने ती चीर पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"अरे, रोटीचं पोट फाडतोस? तुझ्या बापाने कधी रोटी उलटीसुद्धा ठेवली नाही!"

"पिठाने बुजवतो ना, आई."

"लग्नाचं वय झालं तुझं, मेल्या!"

"त्यासाठीच तर," असं तो म्हणाला, पण मनातल्या मनात.

आणि जादू हातात बसते न बसते तोच, शुक्रवारी मध्यस्थ तोजीखाला, मुलाकडच्या बायकांसह, एका दातांच्या डॉक्टरचं स्थळ घेऊन झुमरादच्या घरी येऊन थडकली. झुमरादचे आजोबा ममाजानबोबो म्हणजे कोणाला नाही म्हणता न येणारे गृहस्थ. हो म्हणतानाही त्यांची जीभ अडखळे. घरात दुसरा पुरुष नाही, म्हणून पुलावाच्या कढईपाशी त्यांनी शेजारच्या एर्गाशलाच बसवलं. बिचारा तुतीच्या सावलीत बसून गाजरं परतत होता आणि आतलं एकेक वाक्य ऐकत होता.

"बोबो, मोडू या का रोटी?" तोजीखालाने विचारलं. दोन घरांच्या वडीलधाऱ्यांनी एक रोटी दोन बाजूंनी धरून मोडली की त्यांच्या मर्गिलान गावात सोयरीक पक्की. त्यानंतर माघार नाही.

"मोडू की. आधी चहा घ्या."

चहा झाला. "आता?"

"मोडू, मोडू. यंदा जर्दाळू कसा आहे तुमच्याकडे?"

जर्दाळू संपला, हवापाणी संपलं, शेजाऱ्यांचं गुडघेदुखीचं पुराणही संपलं. वाट बघता बघता तोजीखाला लोडाला टेकून पेंगू लागली. बोबोंना आता एकच आधार दिसला.

"एर्गाश, तू म्हणे जादू शिकलायस? दाखव की पाहुण्यांना!"

एर्गाश घरी धावला आणि आपली ती रोटी घेऊन आला. झुमराद चहाची किटली खाली ठेवून त्याच्यासमोर बसली. इतक्या जवळून त्याने तिला कधी पाहिलंच नव्हतं. तिच्या भुवईजवळ एक बारीक तीळ होता. त्या तिळाकडे बघताना बाकीचं जग दूर कुठेतरी गेलं आणि हातातला कॅट सतरंजीवर सांडला. झुमरादने त्यातलं एक पान उचललं, एकटीनेच पाहिलं आणि पुन्हा त्या पसाऱ्यात मिसळून टाकलं.

ते कुठलं पान, हे अल्लाच जाणे! पण एर्गाश अजून त्या तिळापाशीच होता. त्याने फुंकर मारली आणि सवयीने रोटी पुढे केली.

"बोबो, तुम्ही ती बाजू धरा. घट्ट. हं, ओढा!"

आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी काय करायचं ते नेमकं सांगितलं म्हणून बोबो खूश झाले. त्यांनी ओढली. कडकन आवाज झाला.

त्या आवाजाने तोजीखाला जागी झाली. उभा जन्म सोयरिकी जुळवलेल्या त्या बाईचे हात डोळ्यांआधी उघडले. "आमीन! मुबारक असो!" तिच्याबरोबरच्या बायकांनीही चेहऱ्यावरून हात फिरवले. मग तिने डोळे उघडले.

"मोडली कोणी?"

"मी," बोबो म्हणाले.

"आणि मी," एर्गाश पुटपुटला. आपण काय करून बसलो ते त्याला आत्ता कळलं.

"या गाजरं परतणाऱ्याने? अहो, हे काय चाललंय!"

"आमीन तर तूच म्हणालीस, तोजी."

"खेळ होता तो!"

बोबोंनी दाढी कुरवाळली. निर्णय घ्यायची वेळ आली की ते नेहमी दुसऱ्या कोणाला तरी शोधत. "मग असं करू. झुमरादने बघितलेलं पान रोटीत निघालं तर जादू खरी, आणि रोटी मोडली तीही खरी. नाही निघालं, तर पोराचा हात चुकला. आपण दुसरी रोटी मोडू."

तोजीखालाची नजर सतरंजीवरच्या पसाऱ्यावर गेली आणि तिचा चेहरा खुलला. "चालेल!"

एर्गाशनेही त्या पसाऱ्याकडे बघितलं. बावन्न पानांतून नेमकी राणीच तिच्या हाती लागायला आपलं नशीब कुठलं एवढं? झुमरादने रोटीतलं पान ओढलं, चुरा झटकला, पुष्कळ वेळ त्या पानाकडे बघितलं. बाहेर कढई चर्र करत होती, पण एर्गाश जागचा हलला नाही.

"हेच होतं," ती म्हणाली.

पुलाव थोडा लागला, तरी सगळ्यांनी खाल्ला. तोजीखालाने तर दोनदा घेतला. आमीन म्हणालीच आहे तर जेवून तरी जावं, असा तिचा हिशेब. पाहुणे गेल्यावर एर्गाश तरंगतच सतरंजी आवरायला आला. त्याची छाती चांगलीच फुगली होती.

"बघितलंस? पानं सांडली, तरी बरोबर तुझंच निघालं! हात बसलाय माझा आता."

"किलवर तिर्री होती," झुमराद पेले गोळा करत म्हणाली.

एर्गाशच्या हातातली सतरंजीची घडी अर्धवटच सुटली.

"आ मिट," ती म्हणाली, "आणि रोटीचे तुकडे उचल. कोणाच्या पायाखाली येतील."