पाठीवरचं पाणी कोण पितं?

या शहरात गुप्तहेर पुष्कळ असतील, पण ज्याला बघून माणसं रस्ता ओलांडून पलीकडे जातात असा मी एकटाच. माझ्या मते ते गुन्हेगार असतात. माझा मेहुणा म्हणतो, "दाजी, गुन्हेगार नव्हे, ओळखीचे आहेत. तुम्ही एकदा धरलं की सोडत नाही म्हणून पळतात." हा मेहुणा माझा सहायक. त्याला पगार नाही, सुट्टी नाही आणि माझ्याविषयी आदरही नाही. तरी तो प्रत्येक तपासाला हजर असतो, कारण सायकल त्याची आहे आणि ती माझ्या हातात द्यायची त्याची तयारी नाही.

माझी सगळी नोकरी लिफ्ट चालवण्यात गेली. लिफ्टमधून बाहेर पडणारा माणूस पाठ दाखवतो. त्यामुळे पाठीवरून माणसाचा पगार, पचन आणि पत्नी या तिन्हींचा अंदाज मला येऊ लागला. अक्षरं मी फार उशिरा शिकलो आणि शिकल्यावर पहिली हातात पडली ती रहस्यकथा. घात झाला तो तिथे. त्याआधी मी बरा माणूस होतो, असं बायको सांगते.

माझं गाजलेलं प्रकरण म्हणजे खालच्या मजल्यावरच्या मास्तरांचं वर्तमानपत्र. ते रोज दारातून नाहीसं व्हायचं. मी जिन्यात दबा धरून सिद्ध केलं की ते कुणीही नेत नाही. पुढे कळलं की मास्तरांनी ते बंद केलं होतं आणि विसरले होते. म्हणजे माझा निष्कर्ष तंतोतंत बरोबर होता, फक्त उपयोगाचा नव्हता.

असो. आता पाण्याचं प्रकरण.

माझी सून कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करते. तिच्या मशीनवर फक्त बाह्या येतात. दिवसभर बाह्या. सबंध शर्ट तिथे तयार होताना तिने कधी पाहिला नाही. बसून बसून कंबर धरली म्हणून ती सकाळी पळायला लागली आणि पळता पळता तिला ते आवडायला लागलं. घरात कुणाची ना कुणाची हाक असते, कारखान्यात भोंगा असतो. पळताना मात्र तिला कुणी बोलवत नाही, असं ती म्हणते.

त्या रविवारी ती पळत गेली आणि ब्रेडच्या गाडीतून परत आली. पाण्याच्या टाकीच्या वळणावर तिला भोवळ आली, ती फुटपाथवर बसली आणि ब्रेडवाल्याने तिला घरी आणून सोडलं. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले.

"पाणी संपलं," ती खुर्चीत बसत म्हणाली.

"संपलं कसं? आईने काठोकाठ भरून दिलं होतं," माझा मुलगा म्हणाला.

"मी दोनच घोट घेतले. तिसऱ्याला नळीतून नुसती हवा आली. दर वेळी त्याच वळणावर असंच होतं."

मुलगा चिडला नव्हता, घाबरला होता. पण आमच्या घराण्यात दोन्हींचा आवाज सारखाच निघतो. "हे बघ, पुढच्या रविवारी शर्यत आहे, तू नाव दिलंयस, मी अडवत नाही. पण त्या दिवशीही अशी कुणाच्या गाडीतून आलीस तर बूट माळ्यावर. कायमचे. फोन वाजला की मला तूच कुठेतरी पडलेली दिसतेस गं."

तिने वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. मग म्हणाली, "चालेल."

ते 'चालेल' मला अजिबात चाललं नाही. मी उठून उभा राहिलो आणि जाहीर केलं, "या घरात गुन्हा घडला आहे!"

"अहो, आधी तिला पाणी द्या," बायको म्हणाली.

ज्या वस्तूवरून हे सगळं घडलं ती सांगतो. पळणारे पाठीला एक पिशवी लावतात. आत पाण्याची मऊ थैली, थैलीच्या बुडातून निघालेली लांब नळी आणि नळीला रबरी तोंड. तोंड दातांनी दाबलं की पाणी येतं, सोडलं की बंद. पळायचं तर पाणी सोबत हवं, म्हणून मुलानेच ती आणली होती. नळी जरा जास्तच लांब होती. लोंबणारी वस्तू सुनेला बघवत नाही; म्हणून तिने नळी काखेखालून मागे नेऊन कंबरेशी अडकवायला पिशवीला कापडाचा एक बंद शिवला होता. इतका सुबक, की तो कंपनीचाच वाटावा.

माझा पहिला सिद्धांत: छिद्र. मी पिशवी भरून खिडकीच्या गजाला टांगली, खाली बादली ठेवली आणि समोर स्टूल टाकून बसलो. नळी मात्र आधी बंदातून सोडवून ओट्यावर अलगद ठेवली. पुराव्याला धक्का लागू नये, ही माझी शिस्त. संध्याकाळपर्यंत थेंबही पडला नाही. बादली भरली नाही म्हणून नाराज झालेला जगातला पहिला माणूस मीच असेन.

"पिशवी निर्दोष आहे," मी निकाल दिला.

"आणि ओटा कधी मोकळा होणार?" बायकोने विचारलं.

दुसरा सिद्धांत जास्त खोल होता. पाणी पाठीवर सुरक्षित नसेल तर ते पोटात ठेवावं. पुढच्या सकाळी निघण्यापूर्वी मी सुनेला आग्रह करकरून तांब्यामागून तांब्या पाजला. सासऱ्याचा मान म्हणून ती बिचारी प्यायली. पहिल्या चौकापर्यंत पोटात डचमळलं, दुसऱ्या चौकात ती पेट्रोल पंपाच्या संडासात शिरली आणि ती ज्यांच्याबरोबर पळते तो गट पुढे निघून गेला.

त्या गटाच्या प्रशिक्षकाला सगळे शिट्टी म्हणतात, कारण ती त्याच्या तोंडातून फक्त जेवताना निघत असावी. गट परतल्यावर माझ्यासाठी त्याने ती काढली.

"काका, ती काय टाकी आहे? थोडं थोडं प्यायचं असतं. घशाला कोरड पडेपर्यंत थांबायचं नाही आणि पोट डुचमळेपर्यंत ढोसायचंही नाही."

"पण पाणी जातं कुठे?"

"जाणार कुठे? घाम! पाठ बघा तिची, चिंब असते. माझ्या गटात एवढा घाम गाळणारं दुसरं कुणी नाही. मी बाकीच्यांना तिचं उदाहरण देतो." आणि त्याने तिच्यासाठी माझ्या हातात मिठा-साखरेच्या पुड्या ठेवल्या.

मी तिची पाठ पाहिली. खरंच चिंब होती, अगदी कमरेखालपर्यंत. लिफ्टवाल्याच्या नजरेने मी ती पाठ वाचली आणि मनात नोंद केली: कष्टाळू, मानी, काळजीत. पाठीबद्दल एवढं सगळं मला कळलं. ती ओली का आहे, तेवढं सोडून.

मग तिसरा सिद्धांत आला आणि तो आला तसा माझ्या अंगावर काटा उभा राहिला. सुनेच्या मागे रोज एक उंच डेंटिस्ट पळायचा. रोज तिच्याच मागे आणि तोंड उघडं! लांब नळी, उंच माणूस, उघडं तोंड. आणखी काय पाहिजे?

शनिवारी, शर्यतीच्या आदल्या सकाळी, गट हलकं पळणार होता. मेहुण्याने सायकल हाकली, मी कॅरिअरवर बसलो. माझ्या अंगात रेनकोट होता. आभाळ कोरडं होतं, पण कॉलर उभी राहणारं दुसरं काही माझ्याकडे नाही. सायकल डेंटिस्टच्या बाजूला आली.

"तुम्ही नेहमी हिच्याच मागे का पळता?" मी विचारलं.

"कारण ती नेहमी माझ्या पुढे असते," तो धापा टाकत म्हणाला.

"दाजी, हे पटण्यासारखं आहे," मेहुणा म्हणाला.

"तू सायकल चालव. डॉक्टर, तुमचं तोंड उघडं का?"

"अहो, पळतोय!"

"तहान लागत असेल."

"लागते ना. पण माझी बाटली आहे हातात. आणि खरं सांगू? हिच्या मागे बरं वाटतं. हिच्या अंगावरून थेंब उडतात, चष्म्यावर, गालावर. घामच तो, सांगायला लाज वाटते, पण कसं गारेगार वाटतं!"

मी त्याचा निर्लज्जपणा तेवढा टिपला. गारेगार सोडून दिलं.

"सापडला!" असं ओरडून मी बोट उगारलं. बोट उगारायला हात सोडावा लागतो, हे कॅरिअरवर बसलेल्याने लक्षात ठेवावं. मी रस्त्याकडेच्या गवतात पडलो. शिट्टी वाजली, सगळा गट थांबला. पडल्या पडल्या मी आरोप वाचून दाखवला: पळता पळता हा माणूस माझ्या सुनेची नळी तोंडात धरतो आणि पाणी पितो.

सुनेने कपाळाला हात लावला. "बाबा, नळीचं तोंड माझ्या कंबरेशी असतं. ते प्यायला यांना पार वाकून पळावं लागेल."

डेंटिस्ट भला माणूस. त्याने खरोखर वाकून पळून दाखवलं. चार पावलांत कण्हत उभा राहिला आणि गटाने टाळ्या वाजवल्या. मेहुण्याने तर जरा जास्तच.

इतक्यात बायको टॉवेल घेऊन पोचली. ती त्याच रस्त्याने फिरायला येते, माझ्यापासून अंतर ठेवून. तिने सुनेच्या पाठीवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला.

"अगं बाई! केवढी गार!"

"घाम आहे, आई."

"घाम असा बर्फासारखा असतो का कधी? सकाळी थैलीत मी बर्फ घातलाय, तो तुझ्या घामात कसा आला?"

बायकोने हात खाली खाली नेला तो त्या सुबक बंदापाशी. बंद इतका घट्ट होता की नळीचं रबरी तोंड त्यात पिळलं गेलं होतं. "जरा चाल बघू," ती म्हणाली. सून एक पाऊल पुढे गेली आणि नळीच्या तोंडातून चिरिक करून धार उडाली. दुसरं पाऊल, दुसरी धार. मी अजून गवतातच होतो, त्यामुळे ती नेमकी माझ्या तोंडावर आली.

दातांनी दाबायचं ते काम तो कापडी बंद करत होता. प्रत्येक पावलाला.

"नळी हलू नये म्हणून दुहेरी टीप घातली मी," सून हळूच म्हणाली. "बाहीच्या कफला घालतो तशी." आणि ती हसायला लागली, इतकी की तिला रस्त्यावर बसावं लागलं. शिट्टीने माझ्या खिशातल्या उरलेल्या पुड्या गुपचूप परत घेतल्या.

त्या दुपारी तिने टीप उसवली आणि खांद्याच्या पट्ट्यावर, समोर, ढिला बंद शिवला.

रविवारी मी पाण्याच्या टाकीच्या वळणावर पहाटेपासून रेनकोट घालून उभा राहिलो. प्रकरण सुटलं होतं, पण ते मी सोडवलेलं नव्हतं, म्हणून एखादा गुन्हेगार उरला असेल अशी मला आशा होती. मुलगाही तिथेच आला. "शेवटच्या रेषेपाशी नाही का जायचं?" मी विचारलं.

"तिचं पाणी इथे संपतं ना? मग मी इथेच थांबतो."

ऊन चढलं. माणसं पळत गेली, डेंटिस्ट गेला, मला टाळायला आज सुनेच्याही पुढे. मुलाने बाटली पुढे केली. "बाबा, दोन घोट घ्या."

"कामावर असताना नाही," मी म्हणालो. खरं कारण असं, की पाणी प्यायलो तर जागा सोडून जावं लागतं, आणि पहाऱ्यावरचा माणूस जागा सोडत नाही. मुलाने रेनकोट तरी काढा म्हणून सांगितलं. मी कॉलर आणखी वर केली.

त्यानंतर पाण्याची टाकी हळूहळू डावीकडे कलली, असं मला स्पष्ट आठवतं. इतरांचं म्हणणं, मी कललो.

डोळे उघडले तेव्हा मी फुटपाथवर होतो, रेनकोट मुलाच्या हातात होता, त्याची बाटली माझ्याच अंगावर रिकामी झाली होती आणि समोर सून गुडघे टेकून बसली होती. तिने नळी माझ्या तोंडात दिली. "बाबा, दाबा दातांनी."

दाबलं. गार पाणी आलं. त्या वळणावर, त्या पिशवीत, पहिल्यांदा.

"उठू नका. मी थांबते," ती म्हणाली.

मागून एक गाडी सावकाश येत होती. शर्यतीत फार मागे पडलेल्यांना ती उचलून घेते. आत दोघे-तिघे मान खाली घालून बसलेले दिसत होते. मुलाने गाडी पाहिली, सुनेकडे पाहिलं, आणि पुन्हा त्याचा तो आवाज निघाला.

"थांबतेस काय? ऊठ! बाबांना मी बघतो. अगं, गाडी आली, पळ!"

ती उठली. मग नळी बंदात खोचली आणि निघाली. मुलगा माझ्यापाशी उभा राहिला, एखादं मिनिट असेल. गाडी तिच्या जवळ जवळ सरकायला लागली तशी त्याची चुळबुळ सुरू झाली. "बाबा, बरे आहात ना? बरे आहात," त्याने स्वतःच उत्तर दिलं आणि चपला फटफटवत फुटपाथवरून तिच्या मागे सुटला. "पळ! मागे बघू नकोस! पळ!"

गाडी माझ्यापाशी थांबली. "आजोबा, कुठवर पळालात?" ड्रायव्हरने विचारलं.

"इथवर," मी म्हणालो आणि आत चढलो.

शेवटच्या रेषेवर आमची गाडी सुनेच्या पाठोपाठ पोचली. पाठोपाठच, आधी नाही. स्वयंसेवक दोऱ्या सोडायला लागले होते. सून कमरेवर हात ठेवून उभी होती, घामाने खरोखर निथळत. तिच्या पायाशी मुलगा बसला होता, चपला हातात, बोलायला श्वास नाही. तिने पट्ट्यावरून नळी काढून त्याच्या तोंडाशी धरली.

"हळू," ती म्हणाली, "सगळं संपवू नकोस. बाबांनाही लागेल."